दाराचं तोंड घराकडं

आमचे दादा, म्हणजे माझे वडील, भूकंपानंतर कधी छपराखाली झोपले नाहीत. लातूरकडचं आमचं गाव. भूकंप झाला तेव्हा मी सात-आठ वर्षांचा होतो. माय त्यात गेली. सरकारनं नव्या गावठाणात घर बांधून दिलं, पण त्या घरात कडबा, पेंड आणि धान्याची पोती राहिली आणि आम्ही दोघं बाप-लेक अंगणात राहिलो. पावसाळ्यात चार बांबूंवर मेणकापड बांधायचं, पाऊस सरला की काढून टाकायचं. गावातली बरीच माणसं तशीच झोपायची, त्यामुळं मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. लग्न होऊन नांदेडला आलो तेव्हा पहिल्यांदा कळलं की आपला बाप अंगणात झोपतो ही गोष्ट लोकांना समजावून सांगावी लागते.

मी सांगायचो, आमचे दादा स्लॅबला भितात. बायकोला सांगितलं, सासरवाडीला सांगितलं. सगळ्यांनी मान हलवली. भूकंपातून वाचलेला माणूस स्लॅबला भिणार नाही तर काय करणार?

नांदेडात माझा बोर्ड आणि फ्लेक्सचा धंदा आहे. दुकानांच्या पाट्या, वाढदिवसाच्या शुभेच्छा, क्लासच्या जाहिराती. नायगाव-उमरीपर्यंत बोर्ड लावायला जातो. शहराच्या कडेला एका लेआऊटमध्ये दोन खोल्या बांधल्या आणि वर स्लॅब टाकला. दादा वास्तुशांतीला आले, जेवले, मान वर करून स्लॅब बघितला आणि म्हणाले, "लई जड केलास बाबा." त्याच दिवशी संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. मला राग आला होता. माणसानं घर बांधलं तर बापानं निदान बरं झालं म्हणावं की नाही?

मधे इकडं नांदेड-हिंगोलीकडं जमीन हलली. आमच्या भागात नुकसान काही झालं नाही. भांडी वाजली, पंखे डुलले, लोक लेकराबाळांसकट रस्त्यावर आले, मोबाईलमध्ये एकमेकांचे व्हिडिओ काढले आणि चहा पिऊन परत आत गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत दादा आले. गावातल्या कुणाच्या तरी पिकअपमध्ये बसून, सायकल, वळकटी आणि पोत्यात गुंडाळलेली एक लोखंडी पहार घेऊन.

"पहार कायला आणलात?" मी विचारलं.

"असू दे. कुत्रे लई असतेत तुमच्याकडं."

कुत्र्याला कुणी पहार मारतं का? पण बापाला उलटं कोण विचारणार. मला वाटलं, म्हातारपण आलं, गावात करमत नसेल, जमीन हलल्याचं ऐकून जीव घाबरला असेल म्हणून लेकाजवळ आले. मी मनातून खूश झालो, खोटं कशाला बोलू.

आमच्या घराला अंगण नाही. दार उघडलं की गल्लीच. दादांनी गल्लीतच, दाराच्या डाव्या हाताला बाज टाकली आणि बाजेखाली पहार ठेवली. सकाळी शाळेच्या रिक्षा यायच्या आधी बाज उचलून भिंतीला उभी करायचे. उन्हाळा गेला, पावसाळा मेणकापडाखाली गेला, आणि दिवाळी झाल्यावर खोकला सुरू झाला. नांदेडच्या थंडीला गोदावरीची ओल असते, ती पांघरुणातून आत येते. दादांच्या छातीत पाणी झालं. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं की हा हिवाळा यांना उघड्यावर काढू देऊ नका, आता पुन्हा झालं तर ते निभावणार नाहीत.

आम्ही सगळे उपाय करून बघितले. बायको म्हणाली, "मामा, आत झोपा हो, हात जोडते." दादा म्हणाले, "माय, तू झोप गुमान. मला इथंच बरं हाय." माझ्या मुलीनं आपला पलंग देऊ केला. एकदा तर मी रागाच्या भरात बाजच उचलून आत नेली, तर ते उंबऱ्यावर बसून राहिले, पाय बाहेर, पाठ चौकटीला. माझं डोकं लवकर फिरतं. बायको म्हणते, बोर्ड चिकटवायच्या सोल्युशनचा वास घेऊन घेऊन असं झालंय. त्या दिवशी मी बापाला नको ते बोललो आणि मग दुकानात जाऊन उगीच कात्री चालवत बसलो.

तिथंच डोक्यात आलं. दादांना छपराचं भ्या वाटतंय ना, तर ज्या छपराखाली मुंगीसुद्धा मरणार नाही असं छप्पर करून देऊ. दुसरं कुणाला जमणार नाही ते मला जमतं. माझा जन्म वजन नसलेल्या भिंती उभ्या करण्यात गेलाय.

ती वस्तू अजून आमच्या दारापुढं उभी आहे. गल्लीतली पोरं तिला आजोबाचं खोकं म्हणतात.

जागेचा प्रश्न होता. गल्लीच्या टोकाला गार्डनसाठी सोडलेलं मैदान आहे. गार्डन काही झालं नाही, पण जागा मोकळी आहे. आसपास भिंत नाही, विजेचा खांब नाही, डोक्यावर फक्त आभाळ. माझ्या मते दादांसाठी याहून चांगली जागा नव्हती. पण दिवसा तिथं पोरांचं क्रिकेट आणि म्हशी, त्यामुळं खोकं तिथं ठेवून चालणार नव्हतं. रोज संध्याकाळी न्यायचं, सकाळी आणायचं. म्हणून चाकं. आणि दादा मोटारसायकलवर बसत नाहीत, स्वतःचं ओझं दुसऱ्याला ओढूही देत नाहीत, म्हणून सायकल. सत्तरीच्या पुढचा, दम लागणारा माणूस सायकलमागं जोडून ओढेल एवढंच वजन चालणार होतं.

पहिलं खोकं मी चांगल्यापैकी मजबूत केलं, लोखंडी अँगल आणि प्लायवूडचं. दादांनी पायडलवर जोर दिला. सायकल जागची हलली नाही. समोरच्या घरात शाळेतले एक सर राहतात, ते गच्चीवरून म्हणाले, "बैल जोडा आता." मी सरांकडं बघितलंसुद्धा नाही. त्याच दिवशी सगळं उकलून टाकलं.

दुसऱ्या वेळेला डोकं वापरलं. ॲल्युमिनियमच्या चौकोनी पाईपचा सांगाडा केला, वेल्डिंग नाही, सगळे रिव्हेट. भिंतींना सनपॅक लावलं. सनपॅक म्हणजे निवडणुकीत खांबाखांबाला टांगतात तो पोकळ प्लास्टिकचा पत्रा. पुठ्ठ्यासारखा दिसतो, पण भिजत नाही आणि एका बोटावर उचलता येतो. लातूरच्या एका क्लासच्या बोर्डांची अख्खी खेप माझ्याकडं पडून होती. मुलांचे टक्के चुकीचे छापले गेले म्हणून परत आली होती. ते पत्रे दुहेरी लावले, मधे बोटभर फट ठेवली, म्हणजे थंडी अडेल. लोकांनी हसू नये म्हणून छापील बाजू आत घेतली. त्यामुळं बाहेरून खोकं पांढरं आणि आत सगळीकडं टॉपर मुलांचे चेहरे. चाकं मुलीच्या लहानपणीच्या सायकलची. तळाला फळी टाकली असती तर पुन्हा वजन वाढलं असतं, म्हणून पाईपलाच नवार विणायची ठरवली, बाजेसारखी. ती मात्र दादांनी विणली. इतके दिवस लांबून बघत होते. नवारीचं बंडल बघितल्यावर जवळ आले, माझ्या हातातून टोक घेतलं आणि म्हणाले, "तुला वड देता येत न्हाई, हो बाजूला."

छप्पर तयार झालं तेव्हा ते जोडायच्या आधी दादा गल्लीत सतरंजीवर आडवे झाले.

"टाक अंगावर," म्हणाले.

"काय टाकू?"

"छप्पर. टाक, बघू दे."

बायको दारात उभी होती. सर गच्चीवर होते. मी छप्पर दोन्ही हातांनी डोक्याएवढं उचललं आणि बापाच्या अंगावर सोडून दिलं. पतंग पडावा तसं तरंगत पडलं ते. दादा त्याच्याखाली थोडा वेळ पडून राहिले. मग खालून आवाज आला, "हाव. जमतंय." मी छप्पर उचललं तर ते हसत होते. माझ्या आठवणीत दादा फार वेळा हसलेले नाहीत. मला वाटलं, जिंकलं आपण. हिवाळा निघतो आता.

सायकलच्या सीटखाली ट्रकच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून खोक्याचा दांडा अडकवला. पहिल्या संध्याकाळी दादा सायकलवर, मागं खोकं, खोक्याला हात लावून माझी मुलगी, असा जथा मैदानावर गेला. दम न लागता ओढलं त्यांनी. आत वळकटी अंथरली, उशाला पाण्याचा तांब्या, आणि पहार. मी दाराची कडी लावून दाखवली, छताखालचं हवेचं भोक दाखवलं आणि घरी आलो. त्या दिवशी मला खरंच गाढ झोप लागली.

सकाळी दार उघडलं तर खोकं आमच्या दारात. दादा बाहेर बसून दात घासत होते.

"काय झालं?"

"मैदानावर कुत्रे लई हायत."

दुसऱ्या दिवशी डास होते. तिसऱ्या दिवशी अनोळखी जागेत झोप येत नव्हती. मी रोज संध्याकाळी त्यांना मैदानावर सोडून यायचो आणि ते रोज रात्रीतून सायकल जोडून परत यायचे. यायचे आणि खोकं कुठं लावायचे, तर आमचं घर आणि सरांचं घर यांच्या मधे, अगदी सरांच्या भिंतीला खेटून. ती भिंत चार इंची विटांची, गिलावा नाही, वर पाण्याची टाकी. शाळेच्या रिक्षावाल्यांची कटकट सुरू झाली. सर म्हणाले, "तुमचे वडील रोज काय करून राहिले हे?" मी म्हटलं, म्हातारपण, दुसरं काय.

एका सकाळी माझा तोल गेला. हातात चहाचा कप होता, तो मी खोक्याच्या छपरावर आपटला.

"दादा, ही चाकं मी कायला लावली? भिंतीपासून लांब झोपावं म्हणून ना? तुम्ही रोज खोकं वडत आणून पुन्हा भिंतीखालीच लावता. ही भिंत आली अंगावर तर सनपॅक काय करणार हाय? मरायचंय का तुम्हाला?"

दादा खोक्याच्या दारात पाय बाहेर सोडून बसले होते. बशीतला चहा संपवला, बशी खाली ठेवली.

"तिकडून यायला येळ लागतो रे," म्हणाले.

"कुठं यायला?"

"इथं." त्यांनी आमच्या दाराकडं हात केला. मी निघणारच होतो, तेव्हा बोलायला लागले. "त्या दिशी मी शेतात होतो. जवारी राखायला. पळत आलो, तरी येळ लागला. येऊन हातानं उकरलं. पहार मिळस्तोवर लई येळ गेला. तुझी माय बोलत होती आतून. पोराला आदी काढा म्हणली. तुला काढलं. पुन्हा वाकलो तवर बोलायची बंद झाली होती."

माय आतून बोलत होती, हे मला तोवर कुणी सांगितलेलं नव्हतं. बाप-लेक एका अंगणात एवढी वर्षं झोपलो, पण हा विषय आमच्यात निघाला नव्हता. मी घरभर, गल्लीभर, डॉक्टरांपर्यंत सांगत सुटलो होतो की आमचे दादा स्लॅबला भितात. भीत होते ते आमच्यासाठी. आम्ही तिघं आत निजणार, तर कुणीतरी बाहेर पाहिजे, जवळ पाहिजे आणि हाताशी पहार पाहिजे, एवढीच त्यांची फिकर. मोठ्या शहाणपणानं मी त्यांना चाकं लावून दिली होती लांब जायला. मला तिथंच रडू आलं. सर गच्चीवर होते, असू देत.

मैदानाचा नाद मी सोडला. सरांना काय ते सांगितलं. त्यांनी आपली मोटारसायकल आत घेतली आणि खोकं भिंतीपासून चार हात सरकवायला जागा करून दिली. पुन्हा चेष्टा केली नाही.

पण पुढचा घोळ तेव्हा कळला. दादा दार उघडं ठेवून झोपायचे. दाराचं तोंड आमच्या घराकडं, आणि त्यातून सगळी ओल आत. एवढ्या दुहेरी भिंती कशासाठी केल्या होत्या मी? दाराला पारदर्शक ॲक्रिलिकची खिडकी बसवली, म्हटलं आता बंद दारातून घर दिसतंय. म्हणाले, "दिसून काय करू? ऐकू यायला पायजे." मी म्हटलं, मोबाईल चालू ठेवून देतो उशाला. म्हणाले, "जमीन हलल्यावर तुझा मोबाईल ऱ्हातोय का?" मग शेवटचं बोललो, जे पहिल्यांदाच बोलायला पाहिजे होतं. म्हटलं, तुम्ही आत झोपा, मी झोपतो खोक्यात, पहार घेऊन. दादांनी माझ्याकडं जरा मायेनं बघितलं. "तुझी झोप लई गाढ हाय. ल्हानपणापासून." दार वीतभर उघडंच राहिलं. बायकोनं तिथं घोंगडीचा पडदा लावला, तो ते रोज एका बाजूला सारायचे.

जानेवारीत ताप आला. दोन पावलं चालली की धाप. दवाखान्यात पहिल्या मजल्यावर खाट मिळाली. मला वाटलं, स्लॅबखाली आणलं म्हणून गोंधळ घालतील. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. नाकावरची ऑक्सिजनची नळी काढून एकच विचारायचे, "तिकडं कोण हाय?" तिकडं म्हणजे आमच्या घरापाशी. बायको आणि मुलगी आत, आणि मी इथं त्यांच्या खाटेजवळ. म्हणजे बाहेर कुणीच नाही. नर्सनं नळी लावली की पुन्हा काढायचे, उठून बसायचे, चप्पल शोधायचे. डॉक्टर म्हणाले, असं केलं तर अवघड आहे.

मी गावाकडून चुलतभावाला बोलावून घेतलं आणि दादांना सांगितलं, हा इथं थांबतो, मी जातो खोक्यात झोपायला. घरी आलो, खोक्याकडं बघितलं, थंडी बघितली आणि आत पलंगावर झोपलो. सकाळी दवाखान्यात गेलो तर दादांनी माझा हात हातात घेतला. घेऊन ठेवला जरा वेळ.

"गरम हाय," म्हणाले. "आत झोपलास." आणि नळी काढली.

त्या दिवसापासून मी खोक्यात झोपायला लागलो. दाराचं तोंड घराकडं, दार वीतभर उघडं, पहार उशाला. चहूकडून क्लासची टॉपर मुलं बघत असायची. थंडी कशी असते ते मला तिथं कळलं. पाठीखालच्या नवारीतून येते, दारातून येते, आणि आपली दोन माणसं आत निजलीत हे माहीत असल्यावर दार लावून घ्यायचा धीर होत नाही. गाढ झोपेचं म्हणाल तर ती कुठं गेली कुणास ठाऊक. मांजर गेलं तरी मी उठून बसायचो.

सकाळी उजाडल्या उजाडल्या दवाखान्यात जायचो. दादा हात पुढं करायचे, मी माझा हात द्यायचो.

"गार हाय," म्हणायचे. "दार?"

"उघडं होतं."

"पहार?"

"उशाला."

"हाव." मग नळी लावून घ्यायचे आणि डोळे मिटायचे. दिवसभर शांत पडून असायचे, वरणाचं पाणी घ्यायचे, नर्सला माय म्हणायचे. डोक्यावर तीन मजल्यांचे स्लॅब होते. चुलतभाऊ म्हणाला, रात्रीपण गुमान झोपतात, कूस बदलत नाहीत. डॉक्टरांना वाटलं औषध लागू पडलं. मलाही तसं वाटून घ्यायचं होतं. फेब्रुवारी लागला की ऊन तापतं आमच्याकडं, तेवढे दिवस निघाले की झालं, असं मी बायकोला म्हणत होतो.

एका पहाटे मी खोक्यात जागाच होतो तेव्हा चुलतभावाचा फोन आला. मोटारसायकल थंडीनं सुरू होईना. किका मारून मारून कंटाळलो आणि दादांची सायकल काढली. खोक्याचा दांडा सीटखाली अडकवलेलाच होता, घाईत तो सोडायचं राहिलं. गल्लीच्या टोकापर्यंत गेल्यावर कळलं की खोकं मागं आलंय. उतरून ते सोडवलं आणि मैदानाच्या कडेला तसंच टाकून निघालो. रस्त्यावर धुकं होतं, पूल होता, दूधवाले होते. जमेल तेवढ्या जोरात पायडल मारत होतो.

वर गेलो तेव्हा नळी काढून ठेवली होती आणि चुलतभाऊ भिंतीकडं तोंड करून उभा होता. झोपेतच गेले, म्हणाला, काही बोलले नाहीत. मी दादांचा हात हातात घेतला. माझा हात हँडल धरून बर्फासारखा गार पडला होता. पोचायला मला वेळ लागला होता.